किती आणे खात्री?

प्रश्न असा आला आहे: "काका, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी प्रश्नमंजुषा असते. चौघांचा संघ. आमच्यात मी, बायको, शेजारचे अण्णा आणि त्यांची बारावीतली नात. सलग चार वर्षं दुसरा नंबर. गेल्या वर्षी तर पाच गुणांनी गेलो. ऑस्ट्रेलियाची राजधानी मी सिडनी सांगितली, जगातलं सर्वांत मोठं वाळवंट सहारा सांगितलं आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिल्खा सिंगांना देऊन टाकलं. बायको म्हणते, ती शेजारी बसून 'खाशाबा, खाशाबा' करत होती. यंदा तीन आठवडे हातात आहेत. कुठलं पुस्तक पाठ करू?"

कुठलंही नको. तीन आठवड्यांत जनरल नॉलेजचं जाडजूड पुस्तक पाठ करून कुणी जिंकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, आणि हा खेळ मी बरीच वर्षं बघतोय. बँकेत होतो तेव्हा आंतरशाखा स्पर्धांत खेळायचो. निवृत्तीनंतर गणपती, कोजागिरी, शाळांची संमेलनं, जिथे बोलावतील तिथे सूत्रधार म्हणून जातो. मानधन म्हणजे नारळ आणि दोन कप चहा.

तुमचे तिन्ही प्रश्न परत बघा. खाशाबांचं उत्तर तर टेबलावरच होतं. बाकी दोन्ही अर्धा मिनिट थांबला असतात तर बहुधा निघाली असती. म्हणजे गुण गेले ते "हे तर आपल्याला येतंच" असं वाटलेल्या प्रश्नांवर. जे अजिबात येत नाही तिथे माणूस आपोआप सावध असतो, शेजाऱ्याला विचारतो. घात होतो तो येतंय असं वाटतं तिथे.

आमच्या शाखेच्या संघात एक हेडक्लार्क होते. ते उत्तर कधी नुसतं सांगायचे नाहीत. कागदावर लिहायचे, "कॅनबेरा, बारा आणे." किंवा "नाव आठवतंय पण चारच आणे." रुपयाचे सोळा आणे, त्यातली माझी खात्री किती, हा हिशोब. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर लक्षात आलं की आमच्या संघात सर्वांत जास्त माहिती त्यांना नव्हती, पण स्वतःला काय येतं आणि किती येतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. तीन आठवड्यांत पाठ करण्यापेक्षा ही सवय लावून घ्या.

सोळा आणे कसे फसवतात त्याचा माझाच किस्सा सांगतो. सूत्रधार म्हणून माझं पहिलंच वर्ष. जागा नारायण पेठेतला एक वाडा, केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. प्रश्न काढला होता बाजारात मिळणाऱ्या एका प्रश्नसंग्रहातून: 'केसरी'चे पहिले संपादक कोण? एका संघातली शाळकरी मुलगी म्हणाली, "आगरकर." मी झोकात "चूक!" म्हणालो, प्रश्न पुढे पास केला, पुढच्या संघाने टिळक सांगितलं आणि मी गुण दिले. पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. "पहिले संपादक आगरकर. टिळक 'मराठा' बघायचे. चालू द्या." आणि बसले. 4 जानेवारी 1881 ला 'केसरी' सुरू झाला तेव्हा संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, टिळकांकडे इंग्रजी 'मराठा' होता. 1887 मध्ये मतभेदांमुळे आगरकर बाहेर पडले, मग टिळक 'केसरी'चे संपादक झाले, आणि पुढच्या वर्षी आगरकरांनी 'सुधारक' काढला. हे सगळं मी कॉलेजात असताना वाचलेलं होतं, बरं का. पण 'केसरी' म्हटलं की टिळक ही जोडी डोक्यात इतकी घट्ट बसलेली की कार्डावरचं उत्तर तपासून बघावंसं वाटलंच नाही. गुण फिरवले, त्या मुलीची माफी मागितली. तेव्हापासून दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय मी एकही प्रश्न मंचावर नेत नाही.

तुमचं सिडनी याच जातीचं. ऑस्ट्रेलिया म्हटलं की सिडनी, तुर्कस्तान म्हटलं की इस्तंबूल, ब्राझील म्हटलं की रिओ. अशा वेळी स्वतःला एक पुणेरी प्रश्न विचारायचा: उत्तर एवढं सोपं असतं तर या माणसाने प्रश्न कशाला विचारला असता? सिडनी आणि मेलबर्न यांचं राजधानीवरून जमेना, म्हणून दोघांच्या मध्ये कॅनबेरा हे नवं शहरच वसवलं आणि 1927 मध्ये संसद तिथे नेली. कॅनडातही टोरँटो, माँट्रियल वगैरेंची चढाओढ होती, त्यातून ओटावा निघालं. दोन मोठी शहरं भांडत असली की राजधानी तिसरीच, हे एकदा कळलं की चार-पाच देश एकदम सुटतात. मात्र ही शंका पहिल्या, सोप्या फेरीत बाहेर काढू नका. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री विचारले तर यशवंतराव चव्हाण म्हणा आणि मोकळे व्हा. तिथे कुणीही जाळं लावलेलं नसतं.

वाळवंटाचा प्रश्न शब्दांचा आहे. सर्वांत मोठं "उष्ण" वाळवंट विचारलं तर सहारा. नुसतं सर्वांत मोठं विचारलं तर अंटार्क्टिका, कारण वाळवंट ठरतं ते किती कमी पाऊस किंवा बर्फ पडतं त्यावर. वाळूचा त्याच्याशी संबंध नाही. सहारा साधारण 92 लाख चौरस किलोमीटर, अंटार्क्टिका सुमारे 1 कोटी 40 लाख. तुमच्या सूत्रधाराने "उष्ण" म्हटलं होतं का, ते आठवून बघा. म्हटलं असेल तर तुमचं उत्तर बरोबर होतं आणि तुम्ही भांडायला हवं होतं. पुण्यात राहून एवढंही करत नाही म्हणजे काय!

प्रश्नातला प्रत्येक शब्द सूत्रधाराने कशासाठी तरी घातलेला असतो. बहुतेक वेळा कुणी हरकत घेऊ नये म्हणून. तुमचा ऑलिंपिकचा प्रश्नच घ्या. "स्वतंत्र" का म्हटलं? कारण 1900 साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती आणि ती भारताच्या नावावर मोजली जातात. "वैयक्तिक" का? कारण 1948 साली लंडनमध्ये हॉकीचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं होतंच. हे दोन्ही दरवाजे बंद केल्यावर उरतात 1952 च्या हेलसिंकीतले खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्य. मिल्खा सिंग 1960 ला रोममध्ये चौथे आले. ती शर्यत आपल्या सगळ्यांच्या मनात इतकी रुतून बसली आहे की पदक मिळालंच असं वाटत राहतं. "पदक" हाही शब्दच की.

असाच एक प्रश्न मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी निम्मे संघ घाईत उत्तर देऊन मोकळे होतात. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवलेल्या भारतातल्या पहिल्या स्त्रिया कोण, दोन नावं सांगा, साल 1886. "आनंदीबाई जोशी" लगेच येतं, "दोन नावं" हे ऐकलेलंच नसतं. दुसऱ्या कादंबिनी गांगुली, कोलकात्याच्या. आनंदीबाई अमेरिकेहून पदवी घेऊन परतल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली होती, पण फेब्रुवारी 1887 मध्ये इथे पुण्यातच गेल्या. वय 21. म्हणून प्रश्नात "पदवी" आहे की "प्रॅक्टिस" यावर उत्तर फिरतं.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नसतं त्याबद्दल. क्विझवाली मंडळी याला वर्केबल म्हणतात, म्हणजे बसून सोडवता येणारा प्रश्न. सहकारनगरमध्ये मी एकदा विचारलं होतं: "एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांमध्ये रुजलेला एक खेळ सुरुवातीला एका छावणीच्या गावाच्या नावाने ओळखला जाई. पुढे इंग्लंडमधल्या एका उमरावाच्या निवासस्थानाचं नाव त्याला चिकटलं. कोणता खेळ?" एका संघाने तो कसा सोडवला ते मी मंचावरून ऐकत होतो. कॉलेजातला मुलगा म्हणाला क्रिकेट. त्याची आई म्हणाली, ते इंग्लंडहूनच आलेलं. मग पोलो, पण तो मणिपूरचा. मग मुलाला स्नूकर आठवलं, आणि त्याचं फार चुकलं नव्हतं. स्नूकर खरंच 1875 साली जबलपूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मलं. संघ बझरकडे निघालाच होता, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अरे पण स्नूकर हे कुणाच्या वाड्याचं नाव आहे का?" कुणालाच सांगता येईना. मग त्याच म्हणाल्या, "आणि हा प्रश्न आपल्याला का विचारताहेत? गाव आपलंच असणार." पुणे, छावणी, इंग्रज, घराचं नाव. मुलाने "बॅडमिंटन!" म्हणून बझर दाबला. ग्लॉस्टरशायरमधलं बॅडमिंटन हाउस, ड्यूक ऑफ बोफर्टचं, आणि त्याआधी खेळाचं नाव 'पूना'. आजींनी उभ्या आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नव्हती.

यात दोन गोष्टी झाल्या. प्रश्नातली प्रत्येक अट उत्तराला लावून बघितली गेली, एक जरी अट बसली नाही तरी ते उत्तर बाद. आणि प्रश्न कुठे, कोणापुढे, कोण विचारतंय याचाही पुरावा म्हणून उपयोग केला गेला. मुलाचं स्नूकर बारा आण्यांचं होतं. एका अटीने ते शून्यावर आलं.

आता तुमच्या घरातला विषय. वहिनी "खाशाबा" म्हणत होत्या आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. हे प्रत्येक सोसायटीत होतं. बरोबर उत्तर टेबलावर हळू आवाजात येतं, चुकीचं मोठ्याने. यावर मी आण्यांखेरीज दुसरा उपाय पाहिलेला नाही. यंदा नियम करा की चौघांपैकी ज्याला काही सुचेल त्याने ते कागदावर लिहायचं आणि शेजारी आणे लिहायचे. माइक हातात असलेल्याने, म्हणजे तुम्ही, आकडा बघायचा. कुणी लिहिलं आणि वय किती हे बघायचं नाही. वहिनींचे बारा आणे आणि तुमचे आठ, तर उत्तर वहिनींचं. खरं तर माइक यंदा वहिनींकडेच द्या. चार वर्षं तुम्ही दुसरे आलात, आता निदान प्रयोग म्हणून.

पहिले काही दिवस आणे चुकतील. म्हणून रोज रात्री जेवणानंतर वीस प्रश्न घ्या, आण्यांसकट उत्तरं लिहा आणि आठवड्याने हिशोब करा. ज्यांच्यापुढे तुम्ही बारा आणे लिहिलं त्यातली चारात तीन बरोबर निघायला हवीत. दोनच निघत असतील तर तुमचे बारा म्हणजे आठच आहेत. अण्णा बहुधा सगळीकडे सोळा लिहितील आणि नात सगळीकडे चार. पहिल्या रविवारपर्यंत दोघंही ताळ्यावर येतात, स्वानुभव आहे.

निगेटिव्ह गुण असलेल्या फेरीत या आण्यांचे सरळ पैसे होतात. बरोबरला 10 आणि चुकीला उणे 5 असेल, तर तीनात एकदा बरोबर आलं तरी हिशोब शून्यावर सुटतो. म्हणजे साडेपाच आण्यांच्या वर खात्री असेल तर बझर दाबायला हरकत नाही, आठ आण्यांना तर दाबायलाच हवा. चुकीला उणे 10 असेल तर तीच सीमा आठ आण्यांवर जाते, तिथे आठ असताना हात मांडीवर ठेवायचा. पासच्या फेरीत निगेटिव्ह नसतंच, तिथे एका आण्याचं उत्तरसुद्धा बोलून टाका. "माहीत नाही" म्हणून पुढे ढकलणारे संघ दर वर्षी बघतो आणि दर वर्षी जीव तुटतो. काही ठिकाणी पाउन्स असतो, म्हणजे प्रश्न दुसऱ्या संघाचा असतानाच तुम्ही चिठ्ठीवर उत्तर देऊन जास्तीचे गुण किंवा वजाबाकी ओढवून घ्यायची. तिथे आणखी एक गोष्ट बघा: फिरत फिरत प्रश्न तुमच्याकडे येणारच असेल आणि मधल्या एखाद-दुसऱ्या संघाला तो येत नाही हे तोंडावर दिसत असेल, तर चिठ्ठी कशाला? शेवटच्या खुर्चीवर असाल तर मात्र पाउन्स कराच.

बझरबद्दल एवढंच की प्रश्न अर्धा असताना दाबायचा नाही. सूत्रधार शेवटच्या चार शब्दांत दिशा बदलतात. मीही बदलतो.

तारखेबरोबर शिळी होणारी माहिती हे वेगळंच दुखणं. एव्हरेस्टची उंची आपण 8848 मीटर शिकलो, 2020 च्या डिसेंबरपासून ती 8848.86 धरतात. महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे 26 होते, 2014 ला पालघर झाल्यापासून 36. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा, 1984, हे कायमचं. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले पहिले भारतीय अंतराळवीर विचारले तर शुभांशू शुक्ला, जून 2025. अशा उत्तरांचे आणे दर वर्षी आपोआप उतरतात असं समजा. याची गंमतही होते. कझाकस्तानची राजधानी अस्ताना, 2019 मध्ये तिचं नाव नूर-सुलतान केलं, 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. मधल्या काळात मन लावून वाचलेल्या एका संघाचं उत्तर माझ्या स्पर्धेत चुकलं, आणि गेली दहा वर्षं पेपरच न उघडलेल्या गृहस्थांचं बरोबर आलं. त्यांनी बक्षीस घेताना भाषणही केलं.

तीन आठवड्यांत वाचायचंच असेल तर सुटी माहिती नको, खुंट्या ठोका. एक साल घ्यायचं आणि त्याला तीन-चार गोष्टी टांगायच्या. 1885: फर्ग्युसन कॉलेज आणि काँग्रेस, दोन्ही त्याच वर्षीची. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गेलं. एवढी गोष्ट कळली की साल विसरता येत नाही. 1858: महर्षी कर्व्यांचा जन्म. भारतरत्न 1958, वयाच्या शंभरीत. आणि 1858 हेच कंपनीचा कारभार संपून राणीचं राज्य आल्याचं साल. 1917 ची भांडारकर संस्था, 6 जुलैची, कारण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा तो ऐंशीवा वाढदिवस. याच वर्षी चंपारण, याच वर्षी रशियन क्रांती. 1960 ला महाराष्ट्र, आणि प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट. 1961 च्या 12 जुलैला पानशेत. याबद्दल अण्णांना विचारा. पानशेत फुटल्यावर त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, हे अर्ध्या पुण्याला ठाऊक नसतं आणि प्रश्न नेमका तिथेच येतो.

एखाद्या रविवारी चौघं मिळून लकडी पुलापासून शनिवारवाड्यापर्यंत पायी जा. वाटेतल्या पाट्या, निळे फलक, चौकांची नावं वाचा आणि एकमेकांना प्रश्न घाला. लकडी पूल लाकडाचा नाही, नवा पूल 1923 चा आहे. स्थानिक फेरीचे निम्मे प्रश्न असे रस्त्यावरच पडलेले असतात, आणि सूत्रधारही ते तिथूनच उचलतो.

राहिला टायब्रेकर. पाच गुणांची दरी यंदा बरोबरीपर्यंत आली तर बहुधा आकड्याचा प्रश्न येईल, जो जवळ जाईल तो जिंकेल. कळसूबाईची उंची मीटरमध्ये किती, असं काहीतरी. ठोकताळा न मारता ओळखीच्या वस्तूवरून चढा: सिंहगड साधारण 1300 मीटर, कळसूबाई राज्यात सर्वांत उंच म्हणजे त्याहून बरंच वर, पण दोन हजारांच्या आत. उत्तर 1646. आणि समोरच्या संघाने आधी मोठ्याने 1500 म्हटलं, तुम्हाला वाटतंय की याहून जास्तच आहे, तर 1700 म्हणू नका, 1501 म्हणा. वरचं सगळं मैदान तुमचं. लोक चिडतात, पण नियमात बसतं. चिठ्ठीवर उत्तर लिहून घेणाऱ्या सूत्रधारापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. मी लिहूनच घेतो.